आठ झाडं, वीस कुंड्या: जूनच्या विक्रीतून घ्यावं की नाक्यावरच्या नर्सरीतून?

माझी मावसबहीण मुलुंडला राहते आणि यंदा सोसायटीच्या कमिटीवर निवडून आली आहे. मे महिन्यात तिचा फोन आला, "ताई, कंपाउंडमध्ये आठ झाडं आणि गच्चीवर वीस कुंड्या. कुठून घेऊ, एका वाक्यात सांग." एका वाक्यात सांगितलं: झाडं निसर्गवाल्यांच्या विक्रीतून, माती-कुंड्या नाक्यावरून, कात्री ऑनलाइन. त्यावर तिने "का?" विचारलं आणि मग तासभर गेला. तो तासभर इथे लिहून काढते, कारण दर मे महिन्यात कुणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं.

आधी विक्री म्हणजे काय ते. जूनच्या तोंडावर मुंबई-ठाण्यात ठिकठिकाणी निसर्गमंडळांचे लोक शाळेच्या पटांगणात किंवा एखाद्या हॉलबाहेर दोन दिवस रोपं मांडतात. बिया त्यांनीच येऊरला, कर्नाळ्याला किंवा गावाकडे फिरताना वेचलेल्या असतात, रोपं कुणाच्या तरी गच्चीवर वर्षभर वाढलेली असतात. वनखातं आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिका पावसाळ्यात सवलतीने रोपं देतात, त्याही याच पंगतीतल्या. शहरातच बघायचं तर धारावीला लागून, सायन-वांद्रे लिंक रोडवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. एकेकाळच्या कचरा डेपोवर उभं राहिलेलं हे 37 एकरांचं रान 1994 पासून लोकांना खुलं आहे. काही विकत घ्यायचं नसलं तरी तिथे एक चक्कर मारून या, म्हणजे दीड फुटाच्या काडीचं पुढे काय होतं ते दिसेल.

कारण विक्रीत मिळते ती काडीच. काळ्या पिशवीतलं, हातभर उंचीचं, चार-सहा पानांचं रोप. कमिटीतल्या लोकांचा पहिला हिरमोड इथेच होतो. नर्सरीत त्याच नावाचं झाड छातीएवढं उभं असतं, आणि कमिटीला उद्घाटनाच्या फोटोत झाड दिसायला हवं असतं. गेल्या पावसाळ्यात मी विक्रीतून ताम्हणाचं रोप 50 रुपयांना घेतलं. त्याच आठवड्यात नर्सरीत पाच फुटी ताम्हणाला 450 सांगितले, घासाघीस करून 350 वर आले. म्हणजे एका झाडाच्या पैशात सात रोपं.

पण पैशांपेक्षा मला मुळं महत्त्वाची वाटतात, आणि त्याचं कारण आमच्याच इमारतीमागे घडलं. जून 2017 मध्ये आम्ही दोन ताम्हणं लावली. एक नर्सरीतून आणलेलं सहा फुटी, दुसरं विक्रीतलं टीचभर. पहिली दोन वर्षं मोठ्याचा रुबाब होता आणि छोट्याला माळी दर महिन्याला गवताबरोबर कापायला निघायचा. तिसऱ्या पावसाळ्यात छोटं बरोबरीला आलं. 17 मे 2021 ला तौक्ते वादळ आलं, त्या दुपारी मोठं ताम्हण आडवं झालं. संध्याकाळी आम्ही खाली उतरून पाहिलं तर चार वर्षांनंतरही त्याच्या मुळांचा आकार पिशवीसारखाच होता. गोल, खाली सपाट, आणि मुळं एकमेकांभोवती जिलबीसारखी फिरलेली. बाहेर मातीत जेमतेम दोन-तीन मुळं गेली होती. पिशवीत फार वर्षं राहिलेल्या झाडाचं हे होतं. लावताना गोळ्याला उभे चिरे देऊन मुळं मोकळी केली असती तर कदाचित वाचलं असतं. तेव्हा आम्हाला ते कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. धाकटं अजून उभं आहे, या मे महिन्यात जांभळं झालं होतं.

म्हणून कुठूनही घ्या, पिशवीचं बूड उलटं करून बघा. भोकांतून जाडजूड मुळं बाहेर येऊन जमिनीत घुसलेली असतील तर ते रोप पिशवीत म्हातारं झालंय. विक्रीतही अशी रोपं असतात, गेल्या वर्षीची न खपलेली. ती उंच दिसतात म्हणून लोक तीच आधी उचलतात.

नावाचा घोळ हा दुसरा मुद्दा. आमच्या आधीच्या कमिटीने नर्सरीला फोन करून "अशोक, सहा नग" सांगितले. टेम्पोतून सहा सरळसोट खांब उतरले, आसुपालवाचे. नर्सरीवाल्याची चूक म्हणवत नाही, सगळी मुंबई त्यालाच अशोक म्हणते. पण आमच्या देशपांडे काकूंना हवा होता तो सीतेचा अशोक, केशरी गुच्छांचा. ओळखायला सोपं आहे: आसुपालवाचं पान एकेकटं, लांब, कडेला लाटा असलेलं, सीताअशोकाच्या एका देठावर पानांच्या जोड्या असतात आणि कोवळी पालवी तांबूस, मऊ, चिंधीसारखी लोंबते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला रोप सुकलंय असंच वाटतं. विक्रीत मी एका आजोबांना तीच पालवी बघून रोप परत ठेवताना पाहिलं. टेबलामागच्या मुलीने ते पुन्हा त्यांच्या हातात दिलं, "आजोबा, हे त्याचं बाळसं आहे." नर्सरीत इतकं समजावून सांगणारा माणूस मला क्वचित भेटला आहे. विक्रीत मात्र प्रत्येक टेबलामागे एक असतो, कधी कधी गरजेपेक्षा जास्त बोलणारा.

रोप कुठून आलं हाही फरक मोठा. मुंबईच्या नर्सऱ्यांतला बराच माल आंध्रातल्या कडियमहून किंवा पुण्याकडून ट्रकने येतो. कडियमच्या झाडांभोवती चिकट मातीचा गोळा असतो, तो इथल्या कुंडीत सिमेंटसारखा घट्ट होतो. वरून पाणी घातलं की बाजूने निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. असं झाड आणलंत तर तासभर बादलीत बुडवून अर्धी माती हलक्या हाताने सोडवा. विक्रीतलं रोप आधीच वर्षभर मुंबईचा घाम गाळून आलेलं असतं.

आता विक्रीची दुसरी बाजू. हवं ते मिळेलच याची खात्री नाही. सीताअशोक, सुरंगी, बकुळ ही सकाळी दहापर्यंत संपतात आणि बारा वाजता करंज, शिवण, आवळा उरतात. काही ठिकाणी आधी नाव नोंदवावं लागतं. घरपोच नाही, परत घेणं नाही, बिलही नाही, आणि सोसायटीच्या खजिनदाराला बिल लागतंच. रोपं मरतातही. कुत्रा उकरतो, मुलांचा बॉल बसतो, वॉचमन सुट्टीवर जातो. आठ हवी असतील तर अकरा घ्या. हेही सांगायला हवं की "देशी" शब्दाने विक्रीवाले जरा जास्तच भारावलेले असतात. वड, पिंपळ, उंबर देशी आहेत, पण इमारतीपासून दहा फुटांवर लावले तर ड्रेनेजच्या पाइपात मुळं घालतात. काटेसावर सुंदर, पण लहान मुलांच्या खेळाच्या जागी तिचे काटे नकोत. पांगाऱ्याला पानांवर गाठी आणणाऱ्या किडीने गेली कित्येक वर्षं बेजार केलंय. टेबलावर मिळतात म्हणून घेऊ नका.

माझी पसंती विचाराल तर रस्त्याकडेच्या उन्हात ताम्हण आणि बहावा. ताम्हण तर राज्याचं फूल आहे. बहावा पहिल्या वर्षी हलत नाही, तेव्हा धीर सोडू नका, फक्त पाणी साचणारी जागा टाळा. दोन विंगांमधल्या सावलीत सीताअशोक. वर्सोवा, कुलाबा अशा खाऱ्या वाऱ्याच्या जागी उंडी आणि करंज. गुलमोहर आणि सोनमोहर नर्सरीत हमखास मिळतात, लवकर वाढतात आणि फुलतातही छान, पण पावसाळ्यात गाड्यांवर फांद्या टाकण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही.

फळझाडांना विक्रीत जाऊ नका. तिथला आंबा कोयीचा, म्हणजे रायवळ; फळ धरायला सात-आठ वर्षं, आणि कसलं धरेल ते देव जाणे. आंबा हवा असेल तर कलमच घ्या, तेही कोकणातल्या विश्वासाच्या जागेवरून. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेली रत्ना ही जात सोसायटीच्या जागेत हापूसपेक्षा कमी रुसते, असं माझं मत. कलम घेताना जोड बघा. जोडाच्या खालून फुटवे आले असतील तर ते गावठी झाडाचे असतात, ते वरच्या कलमाला खाऊन टाकतात.

गच्चीच्या वीस कुंड्यांचं गणित अगदी वेगळं आहे. इथे नर्सरी जिंकते, आणि त्याचं कारण टेम्पो. ओल्या मातीने भरलेली बारा इंची कुंडी वीस किलोच्या वर जाते. विक्रीतून आणणार कशात? मी एकदा सायनहून सहा पिशव्या रोपं लोकलच्या गर्दीत आणली, घाटकोपरला उतरेपर्यंत दोन बायकांच्या साड्यांना माती लागली होती. दक्षिण मुंबईत राहत असाल तर वांद्रे-सायनच्या पलीकडे रिक्षाही येत नाही, टॅक्सीवाला डिकी उघडण्याआधी चिखलाकडे बघतो. नर्सरीवाला माती, कुंड्या, शेणखत सगळं गोणीच्या भावाने गच्चीवर चढवून देतो. जिन्याचे पैसे वेगळे, ते आधी ठरवा.

माती-खत घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. गांडूळखताची मूठ दाबा; बोटांतून पाणी निथळलं तर तुम्ही पाणी किलोच्या भावाने घेताय. चांगल्या खताला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो, शेणाचा आला तर ते कच्चं आहे. तबेल्यातून फुकट मिळालेलं ताजं शेण थेट कुंडीत घालू नका, मुळं भाजतात. निदान तीन-चार महिने कुजू द्या. कोकोपीटची 650 ग्रॅमची वीट पाण्यात फुगून साधारण आठ-नऊ लिटर होते, म्हणजे वीस कुंड्यांना पाच किलोचा ठोकळाच परवडतो. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये मीठ असतं, दोनदा भिजवून पिळा. खत विक्रीतही असतं, एखाद्या सोसायटीने ओल्या कचऱ्याचं केलेलं. ते उत्तम, पण पाच-पाच किलोच्या पिशव्यांत. वरखताला घ्या, कुंड्या भरायला नाही.

कुंडीतली झाडं मात्र अर्धी तरी विक्रीतून घ्या, आणि त्यात लिंबू नाहीतर कढीपत्ता असू द्या. त्यावर हिरव्या अळ्या येतील, पानं कुरतडतील. नर्सरीवाला फवारा देईल, विक्रीवाला म्हणेल थांबा. थांबलात तर दोन-तीन आठवड्यांत गच्चीवर फुलपाखरं. नशीब असेल तर लिंबावर काळं-निळं नीलवंतही येईल, राज्याचं फुलपाखरू.

ऑनलाइनबद्दल फार बोलण्यासारखं नाही. कात्री, झारीचं तोंड, निमतेल, ठिबकच्या नळ्या जरूर मागवा. झाड मागवू नका. खोक्यातून तीन दिवस अंधारात आलेल्या झाडाला मी फक्त एकदा जगताना पाहिलंय. बिया मागवल्यात तर पाकिटावरची तारीख बघा.

राहता राहिलं भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं पालिकेचं प्रदर्शन. ते हिवाळ्याच्या शेवटी, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत असतं. बघायला जरूर जा, कुंड्यांचे आणि खतांचे स्टॉल एका जागी मिळतात. पण जमिनीत लावायचं झाड तिथून घेऊन आलात तर पुढे चार महिने बादल्या वाहाव्या लागतील.

लावायची वेळ हीच खरी किल्ली. मुंबईत पाऊस साधारण 11 जूनला धरला जातो. पहिल्या सरीत घाई नको, जमीन आतून तापलेली असते. दोन-तीन दमदार पाऊस झाले की दोन फुटी खड्ड्यात लावा. 1 ते 7 जुलै वनमहोत्सव असतो, 1950 मध्ये कन्हैयालाल मुन्शींनी सुरू केलेला. त्या आठवड्यात रोपंही मिळतात आणि नगरसेवकही. बुंध्याभोवती निदान मीटरभर जागा मोकळी ठेवा, पेव्हर ब्लॉकवाल्याला ती खडूने आखूनच द्या. आणि जागा नीट विचार करून ठरवा, कारण 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वाढलेलं झाड पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, मग ते तुमच्याच कंपाउंडमध्ये का असेना.

हे सगळं ऐकून बहिणीने यादी केली: तीन ताम्हण, दोन बहावा, दोन सीताअशोक, एक रत्ना आंबा. तिसऱ्या दिवशी मीटिंग झाली आणि आंबा कापला गेला. त्याची जागा सेक्रेटरींच्या गाडीवर येत होती. त्या जागी आता बकुळ आहे, पण विक्रीत दहा वाजायच्या आत पोहोचली तर.