केळीच्या काट्यावर जावाएफएक्सचं बाइंडिंग: आठ महिने वापरल्यावर

सावदा-रावेर पट्ट्यात केळी घेणाऱ्या काही व्यापाऱ्यांकडे मी लिहिलेला पावतीचा प्रोग्राम चालतो. पडद्यावर वजन, भाव, हमाली, तोलाई, आधी दिलेली उचल आणि सगळ्यात खाली शेतकऱ्याच्या हातात पडणारी निव्वळ रक्कम. हा पडदा कित्येक वर्षं स्विंगमध्ये, म्हणजे जावा भाषेतल्या पडदे बनवायच्या जुन्या संचात होता. स्विंग दणकट आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले बाकीचे आकडे बदलायचं काम तिथे आपणच हातानं करायचं. प्रत्येक खान्याला लिसनर (बदल झाला की चालणारा कोड), प्रत्येक लिसनरमध्ये सेटटेक्स्ट (खान्यात नवा मजकूर लिहिणारी आज्ञा).

गेल्या हंगामात बऱ्हाणपूरचा भाव वाढल्याचा फोन आला आणि व्यापाऱ्यानं क्विंटलला सोळाशे पन्नासाचे सतराशे केले. माल 18 क्विंटल 40 किलो. म्हणजे 30,360 चे 31,280 व्हायला हवे होते. उचल आधी भरलेली असेल तर भाव बदलल्यावर बेरीज पुन्हा करणारी ओळ मी लिहिलीच नव्हती, त्यामुळे खालचा आकडा जुनाच राहिला. समोर उभ्या शेतकऱ्यानं विचारलं, ‘भाऊ, भाव वाढवला ना? मग पैसे तेवढेच कसे?’ 920 रुपये त्यांच्या लक्षात आले म्हणून वाचले. ज्यांच्या लक्षात आलं नसेल त्यांचं काय, हा विचार मला बरेच दिवस सोडत नव्हता. त्याच आठवड्यात पावतीचा पडदा जावाएफएक्सवर, म्हणजे जावाच्याच नव्या पडदा-संचावर, न्यायला घेतला.

स्विंगलाच बाइंडिंग, म्हणजे एक आकडा दुसऱ्याला बांधून तो आपोआप बदलायची सोय, जोडायचा प्रयत्न पूर्वी झाला होता, जेएसआर 295 नावाच्या जावा-सुधारणेच्या प्रस्तावात. तो पूर्णत्वाला गेला नाही. जावाएफएक्स 2.0 मध्ये, 2011 साली, प्रॉपर्टी (आपला बदल इतरांना कळवणारी किंमत) आणि बाइंडिंग पायापासूनच आले आणि फरक तिथेच जाणवतो. वजन ही एक प्रॉपर्टी, भाव ही दुसरी, रक्कम म्हणजे त्यांचा गुणाकार. हे नातं एकदाच लिहायचं. मग भाव कुठूनही बदलो, रक्कम मागे राहत नाही. बांधलेल्या प्रॉपर्टीत चुकून बाहेरून आकडा घालायला गेलात तर प्रोग्राम तिथेच एक्सेप्शन (चुकीची सूचना) टाकतो. मला हा कडकपणा फार आवडला. पावतीवरची निव्वळ रक्कम कुणाला परस्पर बदलता येऊ नये, हेच तर हवं होतं.

हिशोबही आळशी पद्धतीनं होतो: आकडा बदलला की बाइंडिंग फक्त ‘शिळं’ ठरतं, आणि कुणी किंमत मागितली तरच पुन्हा मोजलं जातं. काट्यावरून सारखी वजनं येत असताना हे उपयोगी पडतं. मात्र सिरियल पोर्ट, म्हणजे काट्याची तार जिथे जोडतात ती जागा, वाचणारा धागा (थ्रेड) पडद्याच्या धाग्याहून वेगळा असतो. तिथून वजनाची प्रॉपर्टी थेट बदलू नका, प्लॅटफॉर्म.रनलेटरमधूनच, म्हणजे काम पडद्याच्या धाग्याकडे सोपवून, बदला.

आता जिथे सांभाळायला हवं ते. मध्ये तयार झालेलं बाइंडिंग कुठल्याही फील्डमध्ये (क्लासच्या व्हेरिएबलमध्ये) न धरता त्यावर थेट लिसनर लावला, तर गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा जावाचा भाग) ते केव्हातरी उचलून नेतो, कारण बाइंडिंग आपल्या मूळ आकड्यांना कच्च्या दुव्यानंच (वीक रेफरन्स, जो मेमरीत धरून ठेवत नाही) जोडलेलं असतं. सकाळी सगळं नीट, दुपारी लिसनर गप्प, आणि एररही नाही. घरी चाचणी घेताना मी यात दोन रात्री घालवल्या. बाइंड वापरून प्रॉपर्टीलाच बांधलं तर हा धोका नाही, लिसनर लावायचाच असेल तर बाइंडिंग फील्डमध्ये धरून ठेवा.

दुसरं, पैशासाठी डबल (दशांश अंदाजे ठेवणारा संख्याप्रकार) वापरू नये, आणि बिगडेसिमलला (दशांश अचूक ठेवणारा प्रकार) तयार बेरीज-गुणाकाराचं बाइंडिंग नाही. क्रिएटऑब्जेक्टबाइंडिंगनं प्रत्येक सूत्र आपणच लिहायचं. थोडं लांबतं, पण पैसा-पैसा जुळतो.

जावाएफएक्स 19 पासून आलेलं मॅप (किंमत एका फंक्शनमधून बदलून पुढे देणारी सोय) मला सगळ्यात जास्त कामाला आलं. जावाचं आकडे लिहून देणारं डेसिमलफॉरमॅट आपल्यासारखं 1,23,456 लिहीत नाही, स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांवरच टाकतं. लाखाचे स्वल्पविराम टाकणारं छोटं फंक्शन लिहिलं, मॅपमधून लेबलला बांधलं, आणि पडदा व छापील पावती दोन्हीकडे तोच मजकूर जातो.

जुना स्विंग प्रोग्राम असेल तर एकदम सगळं पाडायची गरज नाही. जेएफएक्सपॅनेलमुळे स्विंगच्या खिडकीत जावाएफएक्सचा एखादाच पडदा बसवता येतो. मी तसंच केलं: आधी पावती, मग उचलीचं खातं. वार्षिक हिशोबाचा पडदा अजून स्विंगमध्येच आहे. तिथे आकडे बसल्या जागी बदलत नाहीत, त्यामुळे त्याची घाई नाही.