अंगभर लाईट घ्यायची की फक्त डागावर?

ताईला कोड आहे, गालावर एक आणि कोपरावर दोन डाग, त्यासाठी तासगावहून एसटीनं मिरजेला आठवड्यातून दोनदा जाऊन दोन्ही प्रकारची लाईट, म्हणजे अतिनील किरणांचा उपचार, घेऊन झालीय म्हणून लिहितोय. पहिली नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांचा एक अरुंद पट्टा, ३११ नॅनोमीटर तरंगलांबीचा, कपाटासारखी केबिन असते, डोळ्याला गॉगल लावून आत उभं राहायचं. सोरायसिस किंवा कोड अंगभर पसरलं असेल तर हीच बरी, एकेक डाग करत कोण बसणार. पण चांगल्या कातडीलापण विनाकारण लाईट बसते, ती काळवंडली की मधला पांढरा डाग उलट जास्तच उठून दिसतो, ताई याच्यामुळंच खचली होती.

दुसरी एक्सायमर, हीपण अतिनीलच, ३०८ नॅनोमीटर, पण थेट डागावरच. बाकी कातडी वाचते म्हणून डोस जरा जोरात देता येतो आणि बऱ्याचदा कमी फेऱ्यांत फरक दिसतो. बोटांसकट आपला तळहात म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का असं मोजा, डाग १० टक्क्यांच्या आत असतील तर माझं मत हिलाच. ताईच्या गालावर आधी लव असते तिथं तिळाएवढे तपकिरी ठिपके आले, म्हणजे रंग परतायला लागला, मग हळूहळू एकमेकांना मिळाले, आईनं तर आरसाच आणून दाखवला तिला. कोपर अजून हट्टी आहे. बोटांची टोकं दोन्हीला सहसा दाद देत नाहीत.

आणि हो, डाग नव्यानं पसरत असतील तर नुसत्या एक्सायमरवर थांबू नका, डॉक्टरांना तसं सांगा. फोड आला तरी पुढच्या डोसाआधी सांगायचंच.