थिंकपॅड एक्स२३० वर लिबरबूट : आठ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

मुक्त फर्मवेअरमध्ये (मशीन चालू होताना सर्वात आधी चालणारा प्रोग्रॅम) एकही बंद बायनरी, म्हणजे सोर्स कोड न मिळणारी फाइल, नको, असा एक आग्रह आहे. मूळ बायॉसच्या जागी बसणारं लिबरबूट हे मुक्त फर्मवेअरही नोव्हेंबर २०२२ पर्यंत त्याच बाजूचं होतं. मग 'शक्य तितक्या कमी' हे धोरण आलं आणि एक्स२३० या लॅपटॉपला दार उघडलं. ते योग्यच झालं. इथे रॅम सुरू करणारा कोड पूर्ण मुक्त आहे. इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन (एमई, प्रोसेसरपासून वेगळं चालणारं बंद फर्मवेअर) सगळं पुसलं तर मशीन अर्ध्या तासात बंद पडतं, म्हणून एमई क्लीनर या टूलने छाटून थोडा भाग ठेवावाच लागतो. मायक्रोकोडचं (प्रोसेसरच्या आतला कोड) अपडेट नाकारण्यात मात्र काडीचा अर्थ नाही. प्रोसेसरमध्ये जुना, तितकाच बंद मायक्रोकोड असतोच. अपडेट टाळलं की त्यातल्या चुका तेवढ्या पदरात पडतात.

आधी बॅटरीचं बघा. ठाण्यात-वाशीत मिळणारी डुप्लिकेट बॅटरी चार्ज होत नसेल, तर ती ईसी (एम्बेडेड कंट्रोलर, बॅटरी-कीबोर्ड सांभाळणारी वेगळी चिप) अडवतो, बायॉस नाही. लिबरबूट ईसीला हात लावत नाही आणि ईसीचा पॅच मूळ बायॉस असतानाच बसतो. नंतर लक्षात आलं तर सगळं उलटं फिरवावं लागतं.

कीबोर्ड आणि पामरेस्ट (मनगट टेकायचा भाग) काढला की फर्मवेअर साठवणाऱ्या दोन चिप दिसतात : पामरेस्टकडची ८ एमबी, स्क्रीनकडची ४ एमबी. बॅटरी, चार्जर आणि सीमॉस सेल काढून ठेवा. चिप वाचा-लिहायला मिळणारा काळा सीएच३४१ए प्रोग्रॅमर आहे तसा वापरू नका. त्याच्या डेटा पिनांवर ५ व्होल्ट येतात, चिप ३.३ ची आहे. त्यापेक्षा रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड बरा. चिपला चिमट्यासारखी लागणाऱ्या क्लिपची लाल तार चिपवरच्या ठिपक्याकडे. प्रत्येक चिप दोनदा वाचा, दोन्ही फाइलींचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळलाच पाहिजे. जुळत नसेल तर बहुतेक वेळा क्लिप नीट बसलेली नसते. आपल्याकडच्या दमट हवेत चिपच्या पायांवर थर चढतो, तो आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुन्या टूथब्रशने निघतो. मूळ डंप (चिपमधून वाचलेल्या फाइली) दोन ठिकाणी जपा. आणि डाउनलोड केलेली लिबरबूटची रॉम फाइल तशीच चढवू नका! तिच्यात एमई नसतं. ते घालणारी लिबरबूटची इंजेक्ट स्क्रिप्ट आधी चालवायची.

वापरात स्लीप, पंखा, डॉक यांची तक्रार नाही. वायफाय कार्डाची व्हाइटलिस्ट (मूळ बायॉस फक्त ठरावीक कार्डंच चालू देतो, ती यादी) गेली, हा रोज जाणवणारा फायदा. अ‍ॅथेरॉसचं एआर९ मालिकेतलं कार्ड फर्मवेअर फाइलशिवाय चालतं, पण ते वायफायच्या जुन्या 'एन' पिढीपर्यंतच, त्यामुळे फायबरचा पूर्ण वेग मिळत नाही. पुढची अपडेटं स्क्रू न काढता होतात : बूट करताना लिनक्स कर्नलला 'आयओमेम रिलॅक्स्ड' (iomem=relaxed) हा पर्याय द्या, मग फ्लॅशरॉम या प्रोग्रॅमने नवी रॉम चढवा. त्या वेळी चार्जर आणि बॅटरी दोन्ही लावलेली असू द्या.