लिचेसचा अ‍ॅनालिसिस बोर्ड आणि बी२ चं प्यादं

सोलापुरातल्या ओपन स्पर्धेत बारावीच्या एका पोराशी माझा डाव ड्रॉ झाला. माझी काळी मोहरी, ओपनिंग (डावाची ठरलेली सुरुवात) सिसिलियन नाजडॉर्फ. त्यानं सहाव्या खेळीला उंट जी५ ला आणला, मी वजीर बी६ वर नेऊन थेट बी२ चं प्यादं उचललं. बुद्धिबळात याला ‘विषारी प्यादं’ म्हणतात ते उगीच नाही, खायला गेलेला वजीरच अडकू शकतो. शेवटी माझी दोन प्यादी जास्त होती, पण त्याच्या वजिराचे शह काही थांबेनात. जी४, एच५, पुन्हा जी४. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली आणि आम्ही स्कोअरशीटवर सह्या केल्या.

रात्री शेंगा खात सगळ्या खेळ्या लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर चढवल्या. जाहिरात नाही, पैसे नाहीत, ‘प्रीमियम घ्या’ असा तगादा नाही. स्टॉकफिश हे इंजिन, म्हणजे खेळ्या तपासणारा प्रोग्राम, आपल्याच ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे जुना मोबाइल तापतो. सोलापूरच्या मे महिन्यात तर सर्व्हरवरचं अ‍ॅनालिसिस मागवलेलं बरं!

इंजिनच्या आकड्यावर मात्र माझा फारसा जीव नाही. शेवटच्या टप्प्यात ते शांतपणे 0.0, म्हणजे बरोबरी, दाखवत बसलं होतं. अरे, तिथे घड्याळात दोन मिनिटं उरली होती आणि राजाला पळायला जागा नव्हती, ते कुठे दिसतं त्या शून्यात?

खरा माल ओपनिंग एक्सप्लोररच्या ‘मास्टर्स’ टॅबमध्ये आहे. प्रत्येक खेळीपुढे प्रत्यक्ष खेळल्या गेलेल्या डावांचे निकाल दिसतात: पांढरा किती जिंकला, काळा किती, ड्रॉ किती. पोरानं नववी खेळी घोडा बी३ केली होती. 1972 साली रेक्याविकला, जगज्जेतेपदाच्या सामन्यात, स्पास्कीनं फिशरविरुद्ध हीच खेळी दोनदा केली. सातवा डाव ड्रॉ झाला. अकराव्यात स्पास्कीनं चौदाव्या खेळीला घोडा सी३ वरून मागे बी१ ला नेला, पुढे फिशरचा वजीर अडकला आणि डावही गेला. आमचा डाव दहाव्या खेळीला, उंटानं एफ६ चा घोडा मारला तेव्हा, याच अकराव्या डावाच्या वाटेला लागला होता.

लिचेसवरची ‘स्टडी’ ही सोयही झकास. आमचा डाव तिथे ठेवला, पोराला लिंक पाठवली आणि लिहायची परवानगी दिली. सकाळी बघतो तर चौदाव्या खेळीवर हिरवा बाण, सी३ ते बी१. खाली लिहिलंय, ‘काका, पुढच्या स्पर्धेतही बी२ खाणार ना?’