शेतकरी आठवडे बाजार, पुणे: पालेभाजीसाठी नक्की जा

मी घरगुती डबे देते, त्यामुळे भाजी रोज लागतेच. आमच्या भागात आठवड्यातून एकदा भरणारा हा बाजार मला मनापासून आवडतो, आणि त्याचं मुख्य कारण पालेभाजी. एरवी मेथी शेतातून निघते, टेम्पोने गुलटेकडीच्या घाऊक बाजारात जाते, आडत्याकडे (दलालाकडे) लिलाव होतो, मग किरकोळ विक्रेत्याकडून आपल्याकडे येते. तोवर पानं मलूल झालेली असतात. इथे पुरंदर, जुन्नरकडचे शेतकरी गट माल थेट आणतात. देठ मोडला तर कट्कन आवाज येतो! थंडीत चाकवत आणि चंदनबटवाही मिळतो. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांची ताकातली पातळ भाजी त्यातूनच होते.

राज्याने 2016 मध्ये फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केल्या, म्हणजे माल समितीच्या आवारातच विकण्याचं बंधन उठलं, त्यामुळे अशा थेट विक्रीची वाट बरीच मोकळी झाली. भाव पाटीवर लिहिलेले असतात, घासाघीस नाही. टोमॅटो-कांदा मात्र कोपऱ्यावरच्या गाडीपेक्षा फारसा स्वस्त वाटला नाही.

एक गोष्ट सलते. बाजार लवकर आवरतो. धुणीभांडी करून उशिरा सुटणाऱ्या बायकांना उरलेले बटाटे मिळतात, आणि पालेभाजीतल्या लोहाची गरज तर त्यांनाच जास्त. चालवणाऱ्यांना कळकळीची विनंती: दोन तास वाढवा, आणि पालेभाजीच्या छोट्या, पाच-दहा रुपयांच्या जुड्याही ठेवा.

कापडी पिशवी न्या. सुटे पैसेही.