पावसाळ्यातले मेमरी लीक आणि मेमरे : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

खडकवासला साखळीतील चार धरणांचा पाणीसाठा आणि तिथला पाऊस यांचे आलेख दर पंधरा मिनिटांनी नव्याने काढणारी एक छोटी सेवा मी पुण्यातील बाणेरच्या आमच्या कार्यालयातून सांभाळतो. आलेख काढण्याचे काम पायथन भाषेतील मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी करते. जूनमध्ये ही सेवा दर तिसऱ्या दिवशी बंद पडू लागली आणि कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये प्रत्येक वेळी एकच नोंद सापडू लागली, ती म्हणजे मेमरी संपल्यामुळे प्रोसेस (चालू प्रोग्राम) मारली गेल्याची. धरणांतला विसर्ग वाढून मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली गेला की आमच्या पानावर सर्वाधिक गर्दी होते, त्यामुळे नेमके त्याच वेळी पान कोरे दिसणे परवडणारे नव्हते. पहिला उपाय मी सगळे करतात तोच केला, म्हणजे रोज पहाटे तीनला सेवा रीस्टार्ट करणारी एक ओळ क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीत, टाकली. तक्रारी थांबल्या, दुखणे तसेच राहिले. हे दुखणे म्हणजे मेमरी लीक, म्हणजे घेतलेली मेमरी प्रोग्रामने परत न करणे; ते मेमरे या मेमरी तपासणाऱ्या साधनाने कसे सापडले, त्याचा हा अनुभव.

शोधाची सुरुवात ट्रेसमॅलॉक या मेमरीचा हिशेब ठेवणाऱ्या मॉड्यूलपासून केली, कारण ते पायथन ३.४ पासून भाषेसोबतच येते आणि वेगळे काही बसवावे लागत नाही. बारा तासांच्या अंतराने मेमरीचे दोन स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या नोंदी) घेऊन त्यांची तुलना केली, तेव्हा वाढ दिसली ती फार तर ५०-६० एमबी, आणि तीही लायब्ररीच्या शेकडो ओळींत विखुरलेली. त्याच बारा तासांत प्रोसेसने प्रत्यक्षात व्यापलेली मेमरी मात्र ८०० एमबींच्या आसपास वाढली होती. या तफावतीचे कारण समजायला मला दोन दिवस लागले. ट्रेसमॅलॉकला पायथनच्या अलोकेटरमधून, म्हणजे मेमरी वाटून देणाऱ्या भागातून, गेलेलीच मेमरी दिसते. मॅटप्लॉटलिबचे अॅग रेंडरर (चित्र तयार करणारा भाग) ज्या बफरमध्ये, म्हणजे मेमरीच्या तुकड्यात, चित्र रंगवते, तो बफर सी प्लस प्लस भाषेतील कोडच्या बाजूला घेतलेला असतो आणि ट्रेसमॅलॉकच्या हिशेबात तो येतच नाही.

म्हणून मेमरेकडे वळलो. ब्लूमबर्गने २०२२ मध्ये मुक्त-स्रोत म्हणून खुले केलेले हे साधन सी आणि सी प्लस प्लसमधील अलोकेशनही (मेमरी घेण्याची प्रत्येक घटना) पकडते, आणि नेटिव्ह पर्याय दिला तर त्या बाजूचा कॉल स्टॅकही, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची साखळीही, दाखवते. सेवा त्याच्याखाली दोन तास चालवली आणि लीक्सचा फ्लेमग्राफ, म्हणजे कोणत्या फंक्शनने किती मेमरी अडवली ते पट्ट्यांच्या रुंदीने दाखवणारे चित्र, काढला. त्यात एकच रुंद पट्टी डोळ्यांत भरत होती, जिच्या एका टोकाला आमचे आलेख काढणारे फंक्शन आणि दुसऱ्या टोकाला अॅगचे रेंडरर होते. आकडा होता ३२ अलोकेशन, सुमारे १२३ एमबी. पुढचा हिशेब कागदावर झाला. १२०० गुणिले ८०० पिक्सेल आणि प्रत्येक पिक्सेलला चार बाइट, म्हणजे एका चित्राला ३.८४ एमबी, चार धरणे, तासाला चार वेळा, म्हणजे दिवसाला ३८४ चित्रे आणि जवळजवळ दीड जीबी. आमच्या ४ जीबीच्या सर्व्हरने तिसऱ्या दिवशी मान टाकण्यात नवल नव्हते.

चूक आमचीच होती. पायप्लॉट हे मॅटप्लॉटलिबमधील आलेख झटपट काढण्याचे मॉड्यूल काढलेली प्रत्येक आकृती बंद करेपर्यंत स्वतःच्या यादीत धरून ठेवते. आमच्या फंक्शनमध्ये आधी मोठा आलेख आणि मग त्याची छोटी लघुप्रतिमा काढली जात होती आणि शेवटी आकृती बंद करणारे क्लोज हे फंक्शन रिकाम्या कंसांनी बोलावले होते. तसे बोलावले की केवळ चालू आकृती, म्हणजे शेवटची लघुप्रतिमा, बंद होते. मोठा आलेख यादीत तसाच राहतो. वीसपेक्षा जास्त आकृत्या उघड्या राहिल्या की मॅटप्लॉटलिब इशारा देते. तो आम्हालाही मिळत होता, पण लॉगमध्ये इशाऱ्यांचा रतीबच लागला म्हणून मागल्या वर्षी ती मर्यादा शून्य करून मीच त्याचे तोंड बंद केले होते. आता पायप्लॉटला फाटा देऊन आकृतीचा ऑब्जेक्ट थेट बनवतो, आणि सर्व्हरवर तेच योग्य आहे.

मेमरेचे दोष छोटे नाहीत. ते लिनक्स आणि मॅकवर चालते, विंडोजवर नाही, त्यामुळे आमच्या दोन सहकाऱ्यांना दर वेळी सर्व्हरवरच यावे लागते. चालू प्रोसेसला जोडायचे तर जीडीबी किंवा एलएलडीबी हा डीबगर हवा. डीबग सिम्बॉल (फंक्शनांची नावे सांगणारी माहिती) नसतील तर नेटिव्ह स्टॅक अर्धवट दिसतो. नोंदींची फाइल अवाढव्य फुगते. अॅग्रिगेटचा पर्याय, म्हणजे नोंदींची फक्त बेरीज ठेवणारा, दिल्यावर ती आटोक्यात येते, पण मग कोणती वाढ कधी झाली हे पाहता येत नाही. सर्वात फसवी गोष्ट म्हणजे, ५१२ बाइटपर्यंतच्या वस्तूंसाठी पायथन स्वतःचा अलोकेटर वापरतो आणि मोकळी जागा लगेच परत करत नाही, त्यामुळे लीक्सच्या अहवालात निरपराध ओळी दोषी दिसतात. पायथनमॅलॉक हे एन्व्हायर्नमेंट चल मॅलॉकवर, म्हणजे सी भाषेच्या नेहमीच्या अलोकेटरवर, ठेवून चालवले की हा गोंधळ बराच कमी होतो. मला हे कळेपर्यंत तारखा वाचणाऱ्या एका बिचाऱ्या फंक्शनची मी दिवसभर उलटतपासणी घेतली होती.

दुरुस्तीनंतरही मेमरी पहिल्या दिवशी थोडी चढली आणि मग आडवी झाली. ही गळती नव्हे, जीलिबसी ही लिनक्सवरची सी लायब्ररी मोकळी झालेली जागा पुढच्या वापरासाठी हाताशी ठेवते. खात्रीसाठी पायटेस्ट या चाचण्या चालवणाऱ्या साधनाचे मेमरे प्लगइन बसवले असून आलेख काढणाऱ्या चाचणीला मेमरीची कमाल मर्यादा घातली आहे. क्रॉनमधली पहाटे तीनची ओळ ऑक्टोबरात काढली, तेव्हापासून सेवा फक्त नवी आवृत्ती चढवतानाच रीस्टार्ट झाली आहे.