पित्ताच्या नळीतले मेटल स्टेंट: कव्हर्ड, अनकव्हर्ड, विणलेले, लेझर-कट, वापरून काय वाटलं

एन्डोस्कोपी विभागात टेक्निशियन म्हणून बरीच वर्षं काम करतेय. गाठीने पित्ताची नळी दाबली गेली की कावीळ होते, ती नळी उघडी ठेवायला आत जी छोटी नळी बसवतात ती म्हणजे स्टेंट. ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या नळीत काम करायची प्रक्रिया) चालू असताना स्टेंटचं पाकीट फोडायचं, स्टेंट वायरवर चढवायचा आणि डॉक्टर सांगतील तसा हळूहळू उघडायचा हे काम माझं. बाहेर कॅन्सरच्या पेशंटचे नातेवाईक दोन-दोन कोटेशनं हातात घेऊन बसलेले असतात आणि मी दिसले की विचारतात, ताई कव्हर्ड घेऊ का अनकव्हर्ड, महागाचा जास्त टिकतो का? तिथे दोन मिनिटांत नीट सांगता येत नाही म्हणून इथे सविस्तर लिहितेय. निवड डॉक्टरांचीच, पण घरच्यांना निदान प्रश्न तरी नेमके विचारता यावेत.

आधी प्लास्टिक का मेटल. प्लास्टिकचा सगळ्यात जाड जो नेहमी वापरतो तो 10 फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप), म्हणजे साधारण 3.3 मिलिमीटर. मेटलचा आत जाताना त्याहून बारीक, गुंडाळलेला असतो आणि आत गेल्यावर स्वतःहून फुलून 8 किंवा 10 मिलिमीटर होतो, पूर्ण फुलायला एक-दोन दिवस घेतो. सगळा फरक ह्या भोकाचा आहे. प्लास्टिकमध्ये गाळ साचतो आणि साधारण तीन महिन्यांत बदलायला यावं लागतं. 1992 साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय मासिकात आलेल्या अभ्यासात प्लास्टिक मध्यकाने (निम्मे त्याआधी बंद, निम्मे त्यापुढे चालू) 126 दिवस चालला होता आणि मेटल 273. म्हणून कॅन्सरचं निदान पक्कं आहे, ऑपरेशन होण्यासारखं नाही आणि पेशंटची तब्येत बघता तीन-चार महिन्यांच्या पुढचा विचार करायचा आहे, तर मेटलच घ्या असं मी बिनधास्त सांगते. दर वेळी पुन्हा ॲडमिट, पुन्हा भूल, पुन्हा गाडीभाडं, मध्येच केमो थांबणार, हे सगळं जोडलं तर स्वस्त नळी स्वस्त राहत नाही.

आता कव्हर्ड-अनकव्हर्ड. दोन्ही बहुतेक नायटिनॉलच्या म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या जाळीचे. अनकव्हर्डमध्ये नुसती जाळी. ती नळीच्या भिंतीत रुतून बसते, त्यामुळे सहसा हलत नाही, पण त्याच जाळीच्या भोकांतून गाठ आत वाढते आणि काही महिन्यांनी रस्ता पुन्हा बंद. आणि एकदा रुतला की काढता येत नाही, हे लक्षात ठेवा. कव्हर्डमध्ये जाळीवर सिलिकॉनसारखं पातळ अस्तर असतं, गाठ मधून घुसत नाही, पूर्ण कव्हर्ड असेल तर फोर्सेपने (लांब चिमट्याने) टोक धरून ओढून काढताही येतो. पण भिंतीत रुतत नसल्यामुळे सरकतो, कधी खाली आतड्यात उतरतो, कधी वर चढतो, आत गाळही जास्त साचतो, आणि गाठ मधून नाही तरी टोकावरून वाढून तोंड बंद करू शकते. पार्शली कव्हर्ड म्हणजे दोन्ही टोकं उघडी आणि मधला भाग झाकलेला, टोकं रुतल्यामुळे कमी सरकतो, पण त्याच कारणाने पुढे काढणं अवघड होऊन बसतं.

मग टिकतो कोणता? स्वीडनमध्ये 400 पेशंटवर पार्शली कव्हर्ड आणि अनकव्हर्ड समोरासमोर तपासले होते, 2010 मध्ये छापून आलं, नळी उघडी राहण्यात फरक नाही, कव्हर्ड मात्र जास्त सरकले. जपानमधून कव्हर्डच्या बाजूने निकाल आलेत, बाकी ठिकाणी बरोबरी. एकूण चित्र असं, की ज्या कारणाने बंद पडतात ते कारण वेगळं, आयुष्य जवळपास सारखं. म्हणून कोटेशनमध्ये कव्हर्ड महाग दिसला की तो वरच्या दर्जाचा असा अर्थ काढू नका. तो पुढे काढता येतो ह्याचे पैसे आहेत, आणि काढायची गरज पडणार असेल तरच ते वसूल होतात.

गरज कधी पडते? बायोप्सीचा रिपोर्ट हातात नसताना. हे मला अगदी मनापासून सांगायचंय. स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ दिसली, कावीळ आहे, सगळे म्हणतात कॅन्सरच असणार. पण आयजीजी-फोर नावाच्या आजारात (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटून सूज येते) किंवा टीबीच्या गाठींतसुद्धा चित्र अगदी तसंच दिसू शकतं, आणि त्यातला आयजीजी-फोर स्टेरॉइडच्या गोळ्यांनी बसतो, टीबी औषधांनी बरा होतो. अशा माणसाच्या नळीत अनकव्हर्ड जाळी कायमची रुतवून ठेवली तर बरा झाल्यावरही तो जन्मभर तिचे त्रास काढत बसणार. रिपोर्ट आलेला नसेल तर प्लास्टिक किंवा पूर्ण कव्हर्ड, अनकव्हर्ड नाही. नातेवाईकांनी एकच वाक्य विचारायचं, डॉक्टर, बायोप्सी पक्की झाली का?

दुसरा प्रश्न, अडथळा कुठे आहे, वर का खाली. स्वादुपिंडाच्या गाठीचा अडथळा नळीच्या खालच्या भागात असतो, तिथे वर लिहिलेली सगळी चर्चा लागू. पित्ताशयाचा कॅन्सर किंवा नळीचाच कॅन्सर असेल तर बऱ्याचदा अडथळा वर, लिव्हरमधून डावी-उजवी फांदी एकत्र येतात तिथे असतो, त्याला आम्ही हायलर म्हणतो. तिथे कव्हर्ड चालत नाही, कारण अस्तराने शेजारच्या फांद्यांची तोंडं बंद होतात, पित्त तुंबतं आणि जंतुसंसर्ग होतो. तिथे अनकव्हर्डच. कधी एक पुरतो, कधी दोन्ही बाजूंना टाकतात, एकाच्या जाळीतून दुसरा किंवा शेजारी-शेजारी. लिव्हरचा निम्म्याहून जास्त भाग मोकळा व्हावा हा हेतू असतो, म्हणून आधी एमआरसीपी (पित्ताच्या नळ्यांचा एमआरआय) करून कोणत्या फांदीत शिरायचं ते ठरवून जावं लागतं. ज्या फांदीत डाय (एक्स-रेवर दिसणारं औषध) सोडला तिचं पित्त बाहेर काढलंच पाहिजे, नाहीतर तिथेच इन्फेक्शन धरतं. तोंडातून जमलं नाही तर रेडिओलॉजीवाले बाहेरून कातडीतून लिव्हरमध्ये सुई घालून करतात, त्याला पीटीबीडी म्हणतात. हायलर केस मात्र जिथे असं काम नेहमी होतं तिथेच न्या, ब्रँडपेक्षा हाताला महत्त्व जास्त.

ब्रँडचं म्हणाल तर बनावटीतला फरक हातात घेतला की कळतो. बोस्टन सायंटिफिकचा वॉलफ्लेक्स विणलेला आहे, नायटिनॉलच्या आत प्लॅटिनमचा गाभा असलेली तार, त्यामुळे एक्स-रेवर छान दिसतो, टोकाच्या तारा वळवलेल्या असतात म्हणून टोचत नाहीत. विणलेला असल्यामुळे उघडताना लांबीने आखूड होतो. झोपाळ्याच्या दोरीची वीण सैल केली की कशी फुगते आणि तोकडी होते, तसंच. म्हणून उघडताना एक नजर स्क्रीनवर ठेवून हळूहळू मागे ओढत राहावं लागतं, आणि जागा चुकतेय असं वाटलं तर ठरावीक हद्दीपर्यंत परत म्यानात (बाहेरच्या नळीत) घेता येतो, ही सोय मला फार आवडते. कुकचा झिल्व्हर लेझरने नळीतून कापलेला, अनकव्हर्ड, तो आखूड होत नाही, जिथे लावला तिथेच बसतो, टोकांना सोन्याचे ठिपके असतात ते एक्स-रेवर चमकतात. आत नेणारी नळी 6 फ्रेंच, म्हणजे 2 मिलिमीटर, इतकी बारीक की अरुंद हायलर गाठीतून आरामात जातो. पण एकदा सोडायला लागलं की परत घेता येत नाही, हात पक्का लागतो. कोरियाचे तेवूंगचा निटी-एस आणि एम.आय.टेकचा हॅनारो हे विणकामाचे, त्यात प्रकार भरपूर, मोठ्या भोकांच्या जाळीचा हायलरसाठी वेगळा मिळतो, म्हणजे मधून दुसरा घालता येतो.

अजून एक गोष्ट कोटेशनमध्ये कधीच लिहिलेली नसते. स्टेंट बाहेरच्या दिशेने किती जोराने फुलतो ते सगळे सांगतात, पण वाकवल्यावर तो सरळ व्हायला किती बघतो हेही तितकंच महत्त्वाचं. पित्ताची नळी वाकडी असते, ताठ स्टेंट तिला सरळ करायला जातो, टोक भिंतीत रुतून बसतं आणि तिथे नळी दुमडते, कव्हर्ड असेल तर सरकायचीही शक्यता वाढते. मऊ, वळणाप्रमाणे वाकणारा असेल तर पेशंटला सुसह्य. पाकिटातून काढलेला स्टेंट बोटावर वाकवून बघितला की हे लगेच समजतं, विक्रीवाल्यांकडे डेमोचा पीस असतो.

औषध लावलेले स्टेंट येतात, त्यांचा ठोस फायदा मला तरी अजून दिसलेला नाही, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

ऑपरेशन होणार असेल तर? व्हिपल (स्वादुपिंडाचं डोकं काढायचं ऑपरेशन) लवकर ठरलं असेल आणि कावीळ फार नसेल तर स्टेंटच टाळतात. 2010 च्या डच अभ्यासात आधी प्लास्टिक टाकलेल्यांत गंभीर त्रास 74 टक्क्यांना झाला आणि थेट ऑपरेशन केलेल्यांत 39 टक्क्यांना. पण ताप असेल, बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं प्रमाण) खूप चढलं असेल किंवा आधी केमो द्यायची असेल तर स्टेंट लागतोच, आणि मग आखूड मेटल चांगला, सर्जनला वरची नळी मोकळी मिळते.

पैशांचं. 2017 मध्ये हृदयाच्या स्टेंटला सरकारने किमतीची कमाल मर्यादा घातली, लोकांना वाटतं पित्ताच्या स्टेंटलाही आहे. ती मर्यादा हृदयाच्या स्टेंटपुरती होती. त्यामुळे एकच माल दोन ठिकाणी वेगळ्या भावाने येतो, विचारायला लाजू नका. महात्मा फुले योजनेत असाल तर आधीच आरोग्यमित्राला (योजनेचा हॉस्पिटलमधला माणूस) गाठून पॅकेजमध्ये मेटल बसतो का, वरचे पैसे भरावे लागतात का ते लिहून घ्या, टेबलावर घेतल्यावर कोणी ऐकत नाही.

आणि कृपा करून उशीर करू नका. डोळे पिवळे, लघवी गडद, शी पांढरट, रात्रभर खाज, हे सगळं असताना महिनाभर काविळीची माळ आणि झाडपाला करून आलेले पेशंट बघवत नाहीत. तोवर रक्त पातळ झालेलं असतं, आधी व्हिटॅमिन के देऊन आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) सुधारावा लागतो. स्टेंट टाकल्यावर थंडी वाजून ताप आला तर स्टेंट बंद पडला असं समजून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका. पहिल्या एक-दोन दिवसांत पोटात जोराचं दुखून पाठीत गेलं तर स्वादुपिंडाला सूज असू शकते, तेही लगेच कळवा.

डिस्चार्ज घेताना स्टेंटच्या पाकिटावरचं स्टिकर फाईलमध्ये चिकटवलंय का बघा. त्यावर कंपनी, लांबी, जाडी, लॉट नंबर असतो. शेजारी पेनाने तारीख आणि कव्हर्ड की अनकव्हर्ड हे लिहून घ्या, आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. पुढे रात्री-बेरात्री दुसऱ्याच गावात ताप आला तर तिथल्या डॉक्टरांना पहिलं हेच लागतं, कारण पूर्ण कव्हर्ड असेल तर ते ओढून नवा टाकतील आणि अनकव्हर्ड असेल तर त्याच्याच आतून दुसरा घालतील. एमआरआयवालेही हेच स्टिकर मागतात.